मुक्काम माळखिंड

अकरा वर्षं मी हे गाव अंधारातच पाहिलं.
विट्याहून गाडी सुटायची सांजेला,
घाट चढून वर येईतो दिवस बुडालेला,
आणि तांबडं फुटायच्या आत
मुलाणी ड्रायव्हर स्टार्टर मारायचा.
मधली रात्र, एवढंच माझं माळखिंड.

तरी विचारा, सांगतो.
उतरल्यावर डाव्या हाताला शाळेची भिंत,
भिंतीवर पाढे. माझ्या बॅटरीत सतराचा तेवढा यायचा.
पुढं पाण्याची टाकी, बुडाशी ठिबकणारी.
मारुतीच्या तिसऱ्या पायरीचा दगड हलता,
झोपेत उठलो तरी पाय आपसूक चुकवतो.
वारा सुटला की गाडीच्या सैल काचा
रात्रभर भजनाला बसल्यागत वाजतात.
पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे
सगळे एकदम उघडतात, एकदम मिटतात.
पहिल्या साली मला वाटलेलं, पलीकडं मोठं शहर असावं.

जेवण पाळीनं यायचं.
मंडल्यांकडून बाजरीची भाकरी न् हुलग्याचं माडगं,
गजराबाई निकमांच्या डब्यात मात्र
भाकरीशेजारी सांबार, चिंच जरा जास्त,
वर कढीपत्ता तडतडलेला.
मुलाणी म्हणायचा, "मावशी, हे इथलं न्हवं."
"सेलमचं. एकवीस वर्षं काढली तिथं,
हात इसरत न्हाई बाबा."

अर्धं गाव गलाईला गेलेलं.
सेलम, गुंटूर, त्रिचूर, कटक.
सोनं आटवायचं, कस लावायचा,
सराफांच्या दारातली धूळसुद्धा विकत घ्यायची
आणि धुऊन धुऊन
तिच्यातून गुंजभर वेगळं काढायचं.
पहाटेच्या गाडीला एकच पास: सेल्वी निकम, बारावी सायन्स.
नाव सेलमचं, शिव्या खानापुरी.

घरं मात्र माणसांनी इथंच बांधली.
गाडी वळवताना हेडलाइटमध्ये
स्टीलचे कठडे चमकून जायचे, फरशीचे खांब,
एका गच्चीवर सिमेंटचा गरुड.
आणि दिवे.
आज टाकीजवळच्या तीनमजलीत, उद्या वरच्या आळीला,
अंथरूण टाकता टाकता मी बघून ठेवायचो.
डेपोनं विचारलं तेव्हा लिहूनही दिलं:
गाव भरलेलं आहे. मुक्कामी फेरी चालू ठेवावी.

मग औंदा फाल्गुनात गिअरबॉक्स बसला.
मेकॅनिक दुपारपर्यंत येईना,
आणि माळखिंडीवर मी ऊन पडलेलं बघितलं.

कुलपं.
पितळी, लोखंडी, एकाला पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी,
एकाला तेलाचं फडकं गुंडाळलेलं.
रात्री मिटलेल्या दारामागं माणूस झोपलाय असं वाटतं, बस.
उघडी दारं मोजली, चौदा.
शाळेच्या भिंतीवर सतराचाच पाढा उरलेला,
बाकीचे पावसानं कधीच नेलेले.
सिमेंटचा गरुड मोर निघाला.

टाकीखाली गजराबाई बसलेल्या, पदरात जुडगा,
अठ्ठावीस किल्ल्या, एकेकीला चिंधी
वेगळ्या रंगाची, वाचता येत नाही म्हणून.
"रोज सांजेला येक घर उघडती.
झाडती, दिवा लावती, तासभर टेकती.
घराला माणसाचा वास ऱ्हायला पायजे.
फोनवर इचारत्यात मालक, कोण आलतं का?
म्हंती, मी आलते की."
"दिवा तर रात्रभर दिसतो," मी म्हणालो.
त्या हसल्या. "परत जायाचा कटाळा येतो. तिथंच पडती."

पुढच्या पाळीला गाडी लावली,
मुलाणीनं बोट केलं, "वरच्या आळीला कोणतरी आलंय."
हिरवी चिंधी असणार.
"व्हय," मी म्हणालो, "आलंय."
डेपोतला कागद काही मी दुरुस्त केला नाही.
तिकिटाची पिशवी उशाला घेतली,
काचा वाजायला लागल्या.